स्टार्टचे बटण कुठे गेले?

गृहिणी चार दिवस परगावी गेली आणि तेवढ्या अवधीत घरातील कुणी फडताळातील डबे हलवून ठेवले, तर परत आल्यावर पहिल्या चहालाच तिचा हात अडखळतो. नवी मांडणी कदाचित अधिक सोयीची असेल. रोज लागणारे डबे हाताशी आणि सणावारी लागणारे वरच्या फळीवर, असा विचारही तिच्यामागे असेल. तरीही साखरेसाठी गेलेला हात मिठाच्या डब्यावर पडतो आणि तोंडून निघणारा पहिला उद्गार वैतागाचाच असतो. संगणकाची कार्यप्रणाली नव्या रूपात समोर येते, तेव्हा कोट्यवधी वापरकर्त्यांची अवस्था याहून फारशी वेगळी नसते.

कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचे यंत्र आणि वापरकर्ता यांच्यामध्ये उभा असलेला व्यवस्थापक होय. कळफलकावर दाबलेले अक्षर पडद्यावर उमटविणे, कागदपत्रे जागच्या जागी जपून ठेवणे, छपाईयंत्राला आदेश देणे, एकाच वेळी चालणाऱ्या अनेक कामांना त्यांचा त्यांचा वाटा देणे ही सारी कामे ती पडद्याआडून करीत असते. वापरकर्त्याला मात्र तिचा केवळ दर्शनी भाग दिसतो. त्यामुळे तो भाग बदलला की सगळेच बदलले, असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. या पहिल्या प्रतिक्रियेला किती महत्त्व द्यावे, हा प्रश्न संगणक तयार करणाऱ्यांइतकाच बँकांच्या आणि बँकेच्या ग्राहकांच्याही जिव्हाळ्याचा आहे. मायक्रोसॉफ्ट कंपनीची 'विंडोज ८' ही कार्यप्रणाली या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

सतरा वर्षांची ओळख

२४ ऑगस्ट १९९५ रोजी 'विंडोज ९५' बाजारात आली आणि पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात 'स्टार्ट' हे बटण प्रथमच दिसले. ते दाबले की संगणकातील सर्व कार्यक्रमांची यादी उलगडत असे. पुढे विंडोज ९८, विंडोज २०००, एक्सपी, व्हिस्टा आणि विंडोज ७ अशा आवृत्त्या येत गेल्या. बटणाचा रंग व आकार बदलला, यादीची मांडणी बदलली. बटणाची जागा मात्र बदलली नाही. याच काळात भारतातील कार्यालये, शाळा आणि घरे यांत संगणकाचा प्रसार झाला. महाराष्ट्रात एमएस-सीआयटीच्या वर्गांतून लक्षावधी लोकांनी संगणकाची मुळाक्षरे गिरवली. संगणक सुरू झाला की 'स्टार्ट' दाबावे आणि बंद करतानाही 'स्टार्ट'च दाबावे, हा त्या शिक्षणाचा श्रीगणेशा होता. थोडी गंमत वाटावी असाच हा नियम. पण तो एकदा अंगवळणी पडला की त्याकडे लक्ष देण्याचीही गरज उरत नसे.

२६ ऑक्टोबर २०१२ रोजी 'विंडोज ८' आली आणि ते बटण पडद्यावरून नाहीसे झाले.

बदलामागील विचार

हा बदल कुणाच्या लहरीखातर झाला नव्हता. २०१० साली अ‍ॅपल कंपनीचा आयपॅड बाजारात आला आणि बोटाने हाताळावयाच्या पाटीसारख्या संगणकांना मोठी मागणी निर्माण झाली. माऊस आणि कळफलक यांच्यासाठी आखलेली विंडोज त्या शर्यतीत मागे पडेल, अशी रास्त चिंता मायक्रोसॉफ्टला वाटत होती. म्हणून बोटाने आणि माऊसने, अशा दोन्ही प्रकारे चालणारी एकच कार्यप्रणाली तयार करण्याचे कंपनीने ठरविले. तिचे रूप कंपनीच्याच २०१० मधील भ्रमणध्वनी प्रणालीच्या धर्तीवर बेतले गेले. यादीच्या जागी संपूर्ण पडदा व्यापणाऱ्या रंगीत चौकोनी फरशा आल्या. त्यांतील काही फरशांवर हवामान, बातम्या व टपाल यांची ताजी माहिती आपोआप झळकत असे.

स्टार्टच्या यादीचा वापर कमी होत चालल्याची आकडेवारीही कंपनीजवळ होती. व्हिस्टाच्या तुलनेत विंडोज ७ मध्ये हा वापर ११ टक्क्यांनी घटल्याचे कंपनीच्या अभियंत्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले होते. नेहमीचे कार्यक्रम वापरकर्ते पडद्याच्या तळाशी असलेल्या पट्टीवर लावून ठेवू लागले होते, हे त्याचे मुख्य कारण होते. आकडा खरा होता, परंतु एखादी वस्तू कमी वापरली जाते एवढ्यावरून ती अनावश्यक ठरत नाही. बँकेच्या शाखेतील धोक्याची घंटा वर्षानुवर्षे वाजत नाही, म्हणून कुणी ती काढून टाकीत नाही. वाट चुकलेल्या वापरकर्त्यासाठी स्टार्टचे बटण म्हणजे घरी परतण्याचा खात्रीचा मार्ग होता. तो दिवसातून किती वेळा लागतो, हे मोजून त्याचे मोल कळण्यासारखे नव्हते.

पहिल्या दिवसाचा अनुभव

नवी प्रणाली प्रथमच हाताळणाऱ्या वापरकर्त्याला रंगीत फरशांचा पडदा क्षणभर आकर्षक वाटे. खरी अडचण त्यापुढे सुरू होई. एखादी फरशी दाबली की कार्यक्रम संपूर्ण पडदा व्यापून उघडे आणि तो बंद करण्यासाठी कोपऱ्यातील परिचित फुलीचे चिन्ह दिसत नसे. पडद्याची वरची कड पकडून ती थेट तळापर्यंत ओढावी, म्हणजे कार्यक्रम बंद होतो, हे कुणीतरी सांगितल्यावाचून सुचणे अवघड होते. जुन्या पद्धतीच्या पडद्यावर काम करीत असताना पीडीएफ स्वरूपातील एखादे कागदपत्र उघडले, तरी वापरकर्ता एकदम नव्या पद्धतीच्या पडद्यावर जाऊन पोहोचे. परतीची वाट शोधण्यात कामाचा धागा तुटत असे.

संगणक बंद करणे ही तर परीक्षाच होती. कर्सर उजव्या कोपऱ्यात नेल्यावर एक लपलेली पट्टी बाहेर येई. तीत 'सेटिंग्ज' हा पर्याय निवडावयाचा, त्यात 'पॉवर' शोधावयाचे आणि मग 'शट डाउन' दाबावयाचे. कोपऱ्यात काही दडलेले आहे याची पडद्यावर कोणतीही खूण नव्हती. दृष्टीआड सृष्टी, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरली. स्टार्टच्या पडद्याकडे नेणारी वाटही डाव्या कोपऱ्यात शाबूत होती आणि कळफलकावरील विंडोजची कळही तेच काम करीत होती. पण न दिसणारी वाट असून नसल्यासारखीच असते.

संगणकाच्या वापरसुलभतेचे ज्येष्ठ अभ्यासक जेकब नील्सन यांनी १२ अनुभवी वापरकर्त्यांना ही प्रणाली हाताळावयास दिली आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये आपले निष्कर्ष मांडले. एकाच यंत्रात दोन निरनिराळ्या पद्धतींचे पडदे असणे, आवश्यक आज्ञा लपलेल्या असणे आणि सपाट चित्रांमुळे कोणता भाग दाबता येतो हे न उमगणे, हे दोष त्यांनी दाखवून दिले. नवख्यांची आणि जाणकारांची, अशी दोघांचीही ही प्रणाली निराशा करते, असे त्यांचे मत होते.

येथे एक विसंगती ध्यानात घेण्यासारखी आहे. अशा बदलाचा फटका सर्वांत कुशल व्यक्तीलाच अधिक बसतो. नवशिक्याला दोन्ही पद्धती सारख्याच अनोळखी असतात. ज्याने वर्षानुवर्षांच्या सरावाने बोटांत वेग कमावला आहे, त्याचे मात्र एका दिवसात नवशिक्यात रूपांतर होते. पडद्याकडे न पाहता नोंदी करणारा काउंटरवरील कर्मचारी नव्या प्रणालीत दर नोंदीला थांबतो, तेव्हा त्याची चिडचिड आळसापोटी नसते. कष्टाने मिळविलेले कसब क्षणात निरुपयोगी झाल्याचे दुःख तिच्यामागे असते.

नापसंतीचे तीन प्रकार

मग अशी प्रत्येक नापसंती ग्राह्य धरावी काय? विंडोजच्या आधीच्या दोन आवृत्त्यांचा इतिहास पाहिला, तर नापसंतीचे वेगवेगळे प्रकार स्पष्ट होतात.

पहिला प्रकार म्हणजे डोळ्यांना न रुचणे. ऑक्टोबर २००१ मध्ये 'विंडोज एक्सपी' आली, तेव्हा तिची निळी पट्टी आणि हिरवे बटण पाहून हे लहान मुलांचे खेळणे वाटते, अशी टीका अनेकांनी केली होती. ज्यांना ते रूप आवडले नाही, त्यांच्यासाठी जुने करडे रूप निवडण्याची सोय होती. काही काळाने डोळे सरावले आणि पुढे तीच एक्सपी इतकी प्रिय झाली की ती सोडावयास लोक तयार होईनात. अशा नापसंतीवर काळ हेच औषध असते.

दुसरा प्रकार म्हणजे ऐकीव ग्रह. ३० जानेवारी २००७ रोजी सर्वसामान्य ग्राहकांसाठी आलेल्या 'विंडोज व्हिस्टा'च्या काही अडचणी खऱ्या होत्या. तिला अधिक शक्तिशाली यंत्र लागे, अनेक जुनी छपाईयंत्रे तिच्याशी जुळत नसत आणि लहानसहान कामालाही ती परवानगी मागत असे. यातील काही दोष पुढे दूर झाले, तरी नाव एकदा खराब झाले ते झालेच. २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने व्हिस्टाविषयी प्रतिकूल मत असलेल्या काही लोकांना 'मोहावी' या नावाची एक नवी प्रणाली दाखविली. पुष्कळांना ती आवडली. ती व्हिस्टाच असल्याचे नंतर उघड करण्यात आले. मात्र या प्रयोगालाही मर्यादा होती. त्या लोकांनी ती प्रणाली स्वतःच्या जुन्या संगणकावर बसविली नव्हती की आपले छपाईयंत्र तिला जोडून पाहिले नव्हते. ऐकीव निंदा जितकी अविश्वसनीय, तितकेच क्षणभराच्या दर्शनाने झालेले कौतुकही अपुरे, असा दुहेरी बोध यातून घेता येतो. २२ ऑक्टोबर २००९ रोजी आलेली 'विंडोज ७' बव्हंशी व्हिस्टाच्याच पायावर उभी होती, तरी तिचे सर्वत्र स्वागत झाले.

तिसरा प्रकार म्हणजे कामातील खरी अडचण. विंडोज ८ मध्ये संगणक बंद करण्यास लागणाऱ्या जादा पायऱ्या सवय झाल्यावरही कमी होत नव्हत्या. अशा वेळी वापरकर्त्याला धीर धरण्याचा सल्ला देऊन भागत नाही. रचनाच बदलावी लागते.

हे प्रकार ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. पहिल्या दिवशी ज्या गोष्टी खटकल्या, त्यांची नोंद करून ठेवावी आणि दोन-तीन आठवड्यांनंतर ती यादी पुन्हा वाचावी. ज्या तक्रारी आता किरकोळ वाटतात, त्या अपरिचयातून आल्या होत्या. ज्या अजूनही कायम आहेत, त्या तक्रारी संबंधितांपर्यंत जरूर पोहोचवाव्यात.

नजरेतून सुटलेले गुण

पहिल्या प्रतिक्रियेची आणखी एक मर्यादा अशी की, ती केवळ दिसणाऱ्या गोष्टींचीच होते. विंडोज ८ आधीच्या आवृत्तीपेक्षा लवकर सुरू होत असे. मोठ्या फायलींची नक्कल होत असताना ते काम मध्येच थांबवून पुन्हा सुरू करता येई. विषाणूरोधक संरक्षण तिच्यात मुळातच अंतर्भूत होते. संगणक सुरू होण्याच्या क्षणीच शिरकाव करणाऱ्या घातक कार्यक्रमांना अटकाव करण्याची व्यवस्थाही तिला पाठबळ देत होती. बँकेचे व्यवहार करणाऱ्या ग्राहकाच्या दृष्टीने हे गुण मोलाचे होते. परंतु हरवलेल्या बटणाच्या गदारोळात त्यांची दखल फारशी घेतली गेली नाही. भिंत किती भक्कम आहे, हे पाहण्यापूर्वी पाहुण्याला दाराची कडी सापडावी लागते.

तक्रारींचे फलित

वापरकर्त्यांच्या नाराजीची दखल कंपनीला घ्यावी लागली. १७ ऑक्टोबर २०१३ रोजी आलेल्या 'विंडोज ८.१' मध्ये स्टार्टचे बटण परतले. ते दाबल्यावर मात्र जुनी यादी न येता फरशांचाच पडदा येई. संगणक सुरू होताच थेट जुन्या पद्धतीच्या पडद्यावर जाण्याची सोयही देण्यात आली. एप्रिल २०१४ च्या सुधारणेत संगणक बंद करण्याचे बटण अनेक यंत्रांवर स्टार्टच्या पडद्यावरच दिसू लागले. अखेर २९ जुलै २०१५ रोजी आलेल्या 'विंडोज १०' मध्ये जुनी यादी आणि नव्या फरशा शेजारी शेजारी नांदू लागल्या. ही आवृत्ती तयार होत असतानाच, ऑक्टोबर २०१४ पासून, इच्छुक वापरकर्त्यांना ती हाताळून अभिप्राय देण्याची संधी देण्यात आली होती.

तरीही हा विषय कायमचा मिटला नाही. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी 'विंडोज ११' आली आणि स्टार्टचे बटण तळपट्टीच्या मध्यभागी सरकले. या वेळी ते पुन्हा डावीकडे नेण्याची सोय आरंभापासूनच ठेवलेली होती. तळपट्टीवरील प्रत्येक खिडकीचे नाव स्वतंत्रपणे दाखविण्याची जुनी सोय मात्र वगळण्यात आली होती. ती वापरकर्त्यांच्या मागणीनंतर २०२३ मध्ये परत आली. दर्शनी भाग बदलताना जुन्या वाटेचा पर्याय खुला ठेवला, तर विरोधाची धार कमी होते, हे या अनुभवांवरून दिसते.

जुन्याला चिकटून राहण्याची किंमत

नवे आवडले नाही म्हणून जुनेच वापरीत राहणे, हा अनेकांना सुरक्षित मार्ग वाटतो. प्रत्यक्षात तो तसा नसतो. प्रत्येक कार्यप्रणालीत कालांतराने काही कच्चे दुवे आढळतात आणि निर्माती कंपनी दुरुस्त्या पाठवून ते बुजवीत असते. ठरावीक मुदतीनंतर मात्र हे पाठबळ थांबते. एक्सपीचे पाठबळ ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चे १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चे सर्वसाधारण पाठबळ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. त्यानंतरही यंत्र पूर्वीसारखेच चालत राहते आणि धोका नेमका येथेच असतो. कुलूप तेच दिसते, पण त्याची किल्ली किती जणांजवळ गेली आहे, हे घरमालकाला कळत नाही.

मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर विषाणूने जगभरातील संगणक वेठीस धरले. ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांचे कामकाजही त्यामुळे विस्कळीत झाले. ज्या कच्च्या दुव्यातून तो विषाणू शिरला, त्यावरील दुरुस्ती तेव्हा पाठबळ असलेल्या आवृत्त्यांसाठी मार्च महिन्यातच उपलब्ध झाली होती. ज्यांनी ती वेळीच बसवून घेतली, ते या दुव्यातून होणाऱ्या हल्ल्यापासून सुरक्षित राहिले.

भारतातील अनेक एटीएम यंत्रेही एक्सपीवर चालत असत. भारतीय रिझर्व्ह बँकेने जून २०१८ मध्ये परिपत्रक काढून, पाठबळ संपलेल्या प्रणालीवरील एटीएम यंत्रे अद्ययावत करण्याचा कालबद्ध कार्यक्रम बँकांना घालून दिला. सप्टेंबर २०१८ पर्यंत किमान २५ टक्के, डिसेंबर २०१८ पर्यंत ५० टक्के, मार्च २०१९ पर्यंत ७५ टक्के आणि जून २०१९ पर्यंत सर्व यंत्रे, असे ते टप्पे होते. एटीएमसमोर उभ्या असलेल्या ग्राहकाला यातील काहीच दिसत नाही. त्याच्या ठेवीचे रक्षण मात्र अशाच न दिसणाऱ्या बदलांवर अवलंबून असते.

ग्राहक आणि कर्मचारी यांच्यासाठी

संगणकाच्या कार्यप्रणालीविषयी जे खरे, ते बँकेच्या संकेतस्थळाविषयी, भ्रमणध्वनीवरील बँकिंग सेवेविषयी आणि एटीएमच्या पडद्याविषयीही तितकेच खरे आहे. निवृत्तिवेतन जमा झाले की नाही, हे दरमहा एकाच ठिकाणी पाहणाऱ्या ज्येष्ठ ग्राहकाला एके दिवशी ती ओळ तेथे दिसत नाही. आपले पैसे गेले की काय, ही शंका त्याच्या मनात प्रथम येते. अशा गोंधळलेल्या क्षणी तो ज्याला मदतीसाठी विचारतो, त्याच्या प्रामाणिकपणावर त्याची आयुष्यभराची पुंजी अवलंबून असते. भामट्यांना हा क्षण नेमका ठाऊक असतो. 'नवी प्रणाली सुरू करून देतो' असे सांगून दूरध्वनीवर गुप्त संकेतांक विचारणे, किंवा एखादा कार्यक्रम उतरवून घ्यावयास लावून ग्राहकाच्या यंत्राचा ताबा मिळविणे, ही त्यांची रूढ पद्धत आहे.

म्हणून ग्राहकांनी काही पथ्ये अवश्य पाळावीत. पडदा बदललेला दिसल्यास घाईने कोणताही व्यवहार करू नये. संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टंकलिखित करून तो पुन्हा तपासावा. शंका असल्यास शाखेत यावे, अथवा पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावरच चौकशी करावी. पासवर्ड, पिन आणि एकदाच वापरावयाचा ओटीपी कुणालाही सांगू नये. बँकेचा कोणताही कर्मचारी तो विचारीत नाही. फसवणूक झाल्याचे लक्षात येताच बँकेला कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर विनाविलंब तक्रार नोंदवावी. घरातील संगणकाच्या प्रणालीचे पाठबळ चालू आहे ना, याचीही जाणकाराकडून खात्री करून घ्यावी.

कर्मचाऱ्यांची जबाबदारी याहून थोडी अधिक आहे. 'आता असेच आहे' या उत्तराने ग्राहकाचे समाधान होत नाही. पूर्वी जे येथे होते ते आता कुठे आहे, एवढे एक वाक्य आणि एकदा प्रत्यक्ष करून दाखविणे त्याला पुरेसे असते. शक्य तेथे माऊस त्याच्याच हाती राहू द्यावा. कारण हाताने केलेली गोष्ट कानाने ऐकलेल्या गोष्टीपेक्षा अधिक काळ स्मरणात राहते. एकच तक्रार वारंवार येत असेल, तर ग्राहकांना दोष न देता ती लेखी स्वरूपात वरिष्ठ कार्यालयास कळवावी. स्टार्टचे बटण परत आले, ते अशाच असंख्य तक्रारींमुळे.

बदल होतच राहणार आहेत. पुढील आवृत्तीतही काही वस्तू जागेवरून हललेल्या असतील आणि पहिला उद्गार बहुधा वैतागाचाच असेल. त्या उद्गाराला अंतिम निकाल न मानता थोडा अवधी द्यावा, जे त्यानंतरही खटकेल ते नि:संकोचपणे सांगावे आणि तोवर आपल्या पैशांच्या किल्ल्या अनोळखी हाती जाऊ देऊ नयेत. एवढे भान राखणाऱ्या ग्राहकाला नव्या पडद्याचे भय वाटण्याचे कारण नाही.